दांडीचा ल

दार वाजलं नाही, बडवलं गेलं. भाऊजी हातातला पेचकस तसाच घेऊन उठले. उंबऱ्यात साठी उलटलेली एक बाई धापा टाकत उभी होती. तिच्या मुठीत एक कागद इतका चुरगळला होता की तो कागद आहे हे कळायलाच एक क्षण लागला.

"मात्राबाई इथेच राहतात ना?" तिने विचारलं. "मला त्यांचा सल्ला नको. मला त्यांना एका कारखान्याच्या मागे लावायचंय."

मात्राबाई म्हणजे भाऊजींच्या वहिनी. अठ्ठावीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासली. काना-मात्रा सुटू देत नसत, म्हणून तिथल्या लोकांनी हे नाव ठेवलं. पुढे छापखाना बंद पडला. वहिनींनी घराच्या पुढच्या खोलीत खासगी तपासाचं काम सुरू केलं, आणि त्यांची मात्रा लोकांना लागू पडू लागली, म्हणून नाव टिकलं. भाऊजी वायरमन म्हणून निवृत्त झालेले. मोठा भाऊ गेल्यापासून वहिनींची गाडी चालवायची, त्या सांगतील ते लिहून घ्यायचं आणि त्यांना येत नाही तेवढा राग आपण करायचा, ही त्यांची तीन कामं. त्यातलं तिसरं ते मनापासून करत.

बाई बसली नाही. उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं. ती स्वतः तीस वर्षं त्याच कारखान्यात होती. भाज्या आणि फळं डब्यांत भरून विकणारा कारखाना. आता तिची सून तिथे जाते. बंद केलेले डबे मोठ्या टाक्यांत वाफेवर शिजवतात, त्या टाकीवर सुनेला नवीनच घातलं होतं. तिथे दोन आठवडे झाले असतील, मागच्या महिन्यात एका सकाळी हिरवा दिवा लागला, सुनेने कुलूप सोडून झाकण उचललं, आणि आत कोंडलेली वाफ बाहेर आली. सुनेचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या लोडरचा एक डोळा गेला.

आणि आता हा कागद. सुनेला कामावरून काढलं होतं. टाकीवरच्या पाटीत स्पष्ट लिहिलेलं असूनही तिने दाबाचा काटा पाहिला नाही, लोडरच्या डोळ्यालाही तीच जबाबदार आहे, असं त्यात होतं. सोमवारी सरकारी चौकशी अधिकारी निकाल देणार होत्या.

"सून काय म्हणते?" वहिनींनी विचारलं.

"म्हणते, पाटीवर काट्याचं काही नव्हतंच. दोनच वाक्यं होती. दिवा लागला की कुलूप सोडा, झाकण हळू उघडा. बस. आणि आज जाऊन पाहिलं तर पाटीवर तीन वाक्यं आहेत. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली."

"मग सुनेचंच चुकत नसेल कशावरून?" भाऊजींनी विचारलं.

बाई त्यांच्याकडे वळली. "माझं आणि सुनेचं पटत नाही. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. पण अकरा वर्षांत ती माझ्याशी एकदाही खोटं बोललेली नाही. बोलली असती तर आमचं पटलं असतं."

वहिनींनी चष्मा पुसला आणि चपला घातल्या.

कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याने त्यांना हसून आत घेतलं. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी, आवाजात दुखवट्याला आल्यासारखा मऊपणा. टाक्यांच्या लांबलचक खोलीत डोक्यावरून वाफेच्या नळ्या गेल्या होत्या आणि बोलायला ओरडावं लागत होतं. चार टाक्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीवर स्टीलची कोरलेली पाटी होती. भाऊजींनी वहीत उतरवून घेतली:

१. हिरवा दिवा लागल्यावर झाकणाचे कुलूप सोडा.
२. झाकण हळूहळू उघडा.
३. दाबाचा काटा शून्यावर नसेल तर झाकणाला हात लावू नका.

अधिकारी म्हणाला, की हिरवा दिवा म्हणजे टाकीत नवी वाफ येणं थांबलं, एवढंच. आतली वाफ गेली की नाही ते काटा सांगतो. म्हणून तर तिसरं वाक्य. "वाईट वाटतं हो. पण पाटी समोर आहे. वाचायला नको का माणसाने?"

"काटा शून्यावर आल्याशिवाय कुलूप सुटूच नये, अशी सोय तीन तारांत होते," भाऊजी म्हणाले. "ती का नाही केली?"

"प्रस्तावात आहे," अधिकारी म्हणाला.

भाऊजींच्या मस्तकात तिडीक गेली. प्रस्तावात. सुनेचे हात भाजले, म्हाताऱ्याचा डोळा गेला, आणि तीन तारा अजून प्रस्तावात होत्या. वहिनींनी त्यांच्या कोपराला हलकेच हात लावला आणि विचारलं, पाट्या कधी बसवल्या?

आठ महिन्यांपूर्वी, अधिकारी म्हणाला. टाक्या नव्या आल्या तेव्हाच सगळ्या पाट्या नव्या केल्या. एकूण पंधरा. एकाच फाईलमधून, एकाच दुकानात, एकाच दिवशी कोरून घेतल्या. त्याने पंधराही वाचून तपासल्याची स्वतःची सही दाखवली. बसवल्यापासून एकाही स्क्रूला हात लागलेला नाही, हेही त्याने न विचारता सांगितलं.

वहिनी पहिल्या टाकीच्या पाटीजवळ इतक्या वाकल्या की त्यांचा चष्मा वाफेने धुरकटला. एका स्क्रूच्या डोक्याखाली अडकलेलं काहीतरी त्यांनी नखाने ओढून काढलं आणि भाऊजींच्या तळहातावर ठेवलं. निळ्याशार प्लॅस्टिकची नखाएवढी चिंधी होती.

"स्टीलच्या कोऱ्या पत्र्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून चिकटवलेला कागद," भाऊजी म्हणाले. "बसवताना सोलून काढतात. राहिला असेल थोडा."

बाहेर पडताना हात धुण्याच्या जागेशी वहिनी पुन्हा थांबल्या. तिथेही त्या पंधरांतली एक पाटी होती: कामाला लागण्यापूर्वी हात साबणाने धुवा. ती मळकट, निस्तेज झाली होती.

"भाऊजी, या पाटीतला 'लागण्यापूर्वी' आणि टाकीवरच्या पाटीतला 'लागल्यावर', दोन्ही शब्द जसे दिसतात तसेच चितारून घ्या."

भाऊजी परत टाकीपाशी गेले, आले, आणि जीभ दातांत धरून चितारत बसले. त्यांचं अक्षर आधीच कोंबडीच्या पायाचं. टाकीवरच्या शब्दातला ल त्यांनी दोन पाकळ्यांच्या फुलासारखा काढला होता. हात धुण्याच्या पाटीवरचा मात्र उजवीकडे उभी दांडी असलेला आला. आपलाच हात वळला नाही असं वाटून ते खोडायला निघाले, तर वहिनींनी वहीच काढून घेतली.

लोडरचं घर दोन खोल्यांचं होतं. म्हातारा डोळ्यावर पट्टी बांधून भिंतीला टेकला होता. दारात त्याचा मुलगा उभा होता, कारखान्याच्या कोऱ्या करकरीत गणवेशात. घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. कालच त्याला कायम केलं होतं.

वहिनींनी म्हाताऱ्याला पाटीबद्दल विचारलं. त्याने मुलाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"मला वाचता येत नाही. पाटीचं मला काय विचारता?"

बाकी कामगारांनीही कानावर हात ठेवले. पाटी कोण वाचतं, म्हणाले. एकाने तर भाऊजींना विचारलं, तुमच्या घरातल्या मीटरवर काय लिहिलंय ते सांगा बरं. भाऊजींना ते पाठ होतं आणि त्यांनी ते सांगितलं, पण त्याने काही साधलं नाही.

पाट्या कोरणाऱ्याचं दुकान एका अरुंद रस्त्यावर होतं. आत लेसरची पेटी गुरगुरत होती आणि जळक्या धातूचा वास होता. भिंतभर नमुने टांगलेले. दुकानदार चिडका निघाला.

"मी कारखान्याचं काम आठ महिन्यांपूर्वी एकदा केलं. त्यानंतर त्यांनी तोंड दाखवलेलं नाही. नोंदी बघा."

"पाटीवर किती वाक्यं होती?" भाऊजींनी विचारलं.

"मी अक्षरं कोरतो. वाचत नाही."

हाच तो, भाऊजींनी मनात ठरवून टाकलं. याने आधी चुकीच्या कोरल्या, मग गुपचूप नव्या कोरून दिल्या, आणि आता अंगावर येतोय. चोराच्या उलट्या बोंबा. त्यांची मूठ वळली. वहिनी मात्र भिंतीवरचे नमुने बघत होत्या. डॉक्टरांच्या पाट्या, दुकानांच्या पाट्या, 'लिफ्ट', 'कार्यालय'. मग त्यांनी शांतपणे विचारलं, की ड्रॉइंग करणारे लोक फाईल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांची चित्रं करून, देतात का?

"अर्धे देतात, अर्धे देत नाहीत," दुकानदार म्हणाला. "नाही दिली तर आमच्याकडे त्यांचा फॉन्ट नसतो. कॉम्प्युटर बोंबलतो. आपण ओके दाबायचं. दिवसातून वीस वेळा दाबतो."

वहिनींनी आणखी काही विचारलं नाही.

कारखान्याच्या पाट्यांची फाईल बनवणारी ड्रॉइंगवाली घरूनच काम करायची. टापटीप खोली, मोठा पडदा, खिडकीत कुंडी. तिशीतली, हळू बोलणारी बाई. भाऊजींना ती पाहताक्षणी आवडली. दिवसभरात ओरडून न बोललेलं हे पहिलंच माणूस. तिने लगेच फाईल उघडून दाखवली. पाटीची चौकट, आत तीन वाक्यं, नीट, सुबक. तारीख आठ महिन्यांपूर्वीची.

"अक्षर फार सुंदर आहे," वहिनी म्हणाल्या.

ती पहिल्यांदा खुलली. तिचे वडील पाट्या रंगवायचे. ते गेल्यावर त्यांच्या जुन्या पाट्यांचे फोटो काढून तिने त्यांच्या वळणाचा फॉन्ट स्वतः बनवला. दोन वर्षं लागली. तो फक्त या एका कॉम्प्युटरवर आहे. कुणी कितीही मागितला तरी ती देत नाही.

"बघा ना हा ल," ती म्हणाली. "दोन पाकळ्यांचा. बाबा असाच काढायचे. कॉम्प्युटरमधले तयार फॉन्ट दांडीचा काढतात, तो मला बघवत नाही."

वहिनींनी विचारलं, ती फाईल कर्व्ह करून देते का. पूर्वी नव्हते देत, ती म्हणाली, हल्ली देते. हल्ली म्हणजे कधीपासून, तर असंच, सवय लागली. आणि कारखान्याशी शेवटचं बोलणं कधी झालं?

"आठ महिन्यांपूर्वी. कोरणाऱ्याला फाईल मेल केली, विषय संपला."

परतताना भाऊजींनी गाडीत कोरणाऱ्याला यथेच्छ शिव्या घातल्या आणि त्या गरीब पोरीची कीव केली. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "त्या पोरीने भाजलेल्या बाईची चौकशी केली का हो? एका शब्दाने तरी?"

भाऊजींनी आठवून पाहिलं. केली नव्हती.

सोमवारी निकाल देण्याआधी चौकशी अधिकारी बाईंनी एक तास कोरणाऱ्याच्या दुकानात यावं, अशी विनंती वहिनींनी केली. पाट्या जिथे जन्मल्या तिथेच त्यांची साक्ष होईल, असं त्या म्हणाल्या. बाई कंटाळलेल्या होत्या, पण आल्या. सुरक्षा अधिकारी आला, ड्रॉइंगवाली आली. सासू सुनेला घेऊन आली. सुनेचे दोन्ही हात पट्ट्यांत होते आणि ते तिने परक्याची वस्तू सांभाळावी तसे पोटाशी धरले होते.

भाऊजींनी दार लोटून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभे राहिले.

"आठ महिन्यांपूर्वीची ती मेल आहे का तुमच्याकडे?" वहिनींनी दुकानदाराला विचारलं. होती, तो काही पुसत नसे. "मग त्यातली फाईल टाकीच्या पाटीच्या पानावर उघडा. नेहमी उघडता तशी."

त्याने उघडली. पडद्यावर एक छोटी चौकट आली आणि आली तशी गेली.

"थांबा. आता काय दाबलंत?"

"ओके."

"त्यात काय लिहिलं होतं?"

दुकानदाराने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. त्याला सांगता येईना. वहिनींनी फाईल बंद करून पुन्हा उघडायला लावली, आणि या वेळी चौकशी अधिकारी बाईंनी चौकट मोठ्याने वाचली. या फाईलमधला फॉन्ट या कॉम्प्युटरवर नाही, त्याऐवजी दुसरा वापरायचा का, असं कॉम्प्युटर विचारत होता. दुकानदाराने ओके दाबलं. पाटी उघडली.

अक्षरं ऐसपैस, रुंद होती. हिरवा दिवा लागल्यावर झाकणाचे कुलूप सोडा, हे वाक्य एका ओळीत न मावता दोन ओळींवर गेलं होतं. झाकण हळूहळू उघडा. आणि चौकट संपली.

"तिसरं वाक्य कुठे गेलं?" दुकानदारानेच विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"फाईलमध्येच आहे," वहिनी म्हणाल्या. "चौकटीत मावलं नाही म्हणून दिसत नाही. या ड्रॉइंगमध्ये रेषा रेषांसारख्या जातात, पण अक्षरं चित्रासारखी जात नाहीत. नुसता निरोप जातो, की इथे 'ल' लिही, माझ्या वडिलांच्या वळणाने लिही. इथे निरोप पोचला, वडील पोचले नाहीत. मग कॉम्प्युटरने स्वतःच्या वळणाने लिहिलं. ते वळण रुंद निघालं. चौकट तेवढीच राहिली, आणि जे सगळ्यात शेवटी होतं ते बाहेर पडलं. दुर्दैवाने, ज्यात 'नका' होतं तेच वाक्य शेवटी होतं."

त्यांनी दुकानदाराला तीच पाटी पत्र्यावर कोरायला सांगितली. सहा मिनिटं लागली. तेवढा वेळ सून त्या पेटीकडे पापणी न लववता बघत होती. पाटी बाहेर आली, तेव्हा तिने एकदाच मान हलवली. हीच.

"हे आजचं झालं," सुरक्षा अधिकारी म्हणाला. "आठ महिन्यांपूर्वी काय झालं ते यावरून कसं कळणार? टाकीवर तीन वाक्यांची पाटी आहे. सगळ्यांनी पाहिली आहे."

"त्या पाटीकडेच येते," वहिनी म्हणाल्या. त्यांनी भाऊजींची वही उघडून टेबलावर ठेवली. "तुम्ही म्हणालात, पंधरा पाट्या एकाच फाईलमधून, एकाच दुकानात, एका दिवशी झाल्या. हात धुण्याच्या पाटीवरचा हा ल बघा. उभ्या दांडीचा. या भिंतीवर, या दुकानात, सगळीकडे हाच ल आहे, आणि आता कोरलेल्या पाटीवरही हाच. टाकीवरचा ल मात्र पाकळ्यांचा आहे. एकाच दिवशी एकाच कॉम्प्युटरने अकरा पाट्यांवर एक ल काढला आणि चार पाट्यांवर दुसरा, असं होत नाही. हा कॉम्प्युटर पाकळ्यांचा ल काढूच शकत नाही. म्हणजे टाक्यांवरच्या चार पाट्या त्या पंधरांतल्या नव्हेत."

भाऊजींना आपली कोंबडीच्या पायाची अक्षरं आज पहिल्यांदा चांगली दिसली.

वहिनींनी निळी चिंधी टेबलावर ठेवली. आठ महिने वाफेत राहिलेलं प्लॅस्टिक असं निळंशार राहत नाही, त्या म्हणाल्या. ते तपकिरी होतं, कुसकरतं. पाट्या नव्या होत्या. अपघातानंतरच्या.

"मग मीच कोरल्या म्हणणार तुम्ही," दुकानदार पुटपुटला.

"नाही. कुठे कोरल्या ते मला ठाऊक नाही, आणि त्याने फरकही पडत नाही. फाईल कर्व्ह केली, म्हणजे प्रत्येक अक्षराचं चित्र करून टाकलं, की मग फॉन्ट लागत नाही. जगातल्या कुठल्याही दुकानात पाकळ्यांचा ल पाकळ्यांचाच उमटतो. पण कर्व्ह करणार कोण? ज्याच्याकडे तो फॉन्ट आहे तोच. आणि तो एकाच कॉम्प्युटरवर आहे."

सगळ्यांनी ड्रॉइंगवालीकडे पाहिलं. भाऊजी सगळ्यांत शेवटी.

"तुम्ही म्हणालात, आठ महिन्यांत कारखान्याशी बोलणं नाही," वहिनी म्हणाल्या. "आणि त्या वेळी तुम्ही फाईल कर्व्ह न करता दिली होती, ते या पडद्यावर दिसतंच आहे. मग टाक्यांवर तुमच्या वडिलांचं अक्षर आलं कुठून?"

ती रडायला लागली नाही. खुर्चीच्या कडेवर बसून तिने हळू आवाजात सांगितलं. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुरक्षा अधिकारी तिच्या घरी आला. त्याने तिच्या पडद्यावर तीन वाक्यं पाहिली, टाकीवर दोन होती, आणि काय झालं असेल ते दोघांनाही कळलं. तो म्हणाला, फाईल तू कर्व्ह केली नाहीस, चूक तुझी, तुरुंगात तू जाशील. कर्व्ह करून दे, मी सांभाळून घेतो.

"मी नुसती फाईल दिली," ती म्हणाली.

"माझ्यावर ढकलू नका," अधिकारी म्हणाला. त्याच्या आवाजातला मऊपणा गेला होता. "पाट्या तपासणं म्हणजे संख्या मोजणं. पंधरा आल्या, पंधरा मोजल्या, सही केली. मी काय एकेक अक्षर वाचत बसू?"

"हो," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला भाऊजींनी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता, आणि आताही तो चढला नाही. फक्त कापत होता. "मी अठ्ठावीस वर्षं तेच केलं. एकेक अक्षर वाचलं. माझ्या चुकीने कुणाचा हात भाजणार नव्हता, तरी वाचलं."

सासू पुढे आली. भाऊजींना वाटलं ती हात उगारणार, आणि तिला अडवायचं नाही असं त्यांनी ठरवलं. पण ती नुसती त्या तिघांकडे आळीपाळीने बघत राहिली.

"हिने नुसती फाईल दिली. याने नुसतं ओके दाबलं. ह्या साहेबांनी नुसती सही केली. मग माझ्या सुनेला भाजलं कुणी?"

दुकानदाराने मान खाली घातली. बाकी दोघांनी तेवढंही केलं नाही.

चौकशी अधिकारी बाईंनी बरंच काही लिहून घेतलं. पाट्या बदलल्या हे सिद्ध झालं, पुरावा बदलल्याचा गुन्हा वेगळा दाखल होईल, असं त्या म्हणाल्या. पण बाहेर आल्यावर त्यांनी वहिनींना बाजूला घेतलं. कारखान्याचा वकील आता म्हणणार, की जुन्या पाट्यांवर काय होतं ते कुणी पाहिलंय? आज दुकानात दोन वाक्यं आली म्हणून तेव्हाही दोनच आली, हा तर्क झाला. सुनेशिवाय दुसऱ्या एका माणसाने जुनी पाटी पाहिल्याचं सांगायला हवं. त्याशिवाय तिला पुरतं निर्दोष म्हणता येणार नाही. त्यांनी निकाल एक दिवस पुढे ढकलला.

भाऊजींनी गाडीच्या चाकाला लाथ मारली. दोनशे माणसं त्या पाट्यांखालून रोज जात होती.

त्यांनी दोघींना घरी सोडलं. वहिनीही आत गेल्या, आणि त्यांच्यामागे भाऊजी. चार वाजायला आले होते. सून खाटेवर बसली होती. सासू तिला पेल्याने पाणी पाजत होती आणि सांडतंय म्हणून तिच्यावरच खेकसत होती. इतक्यात दारात सावली पडली. डोळ्यावर पट्टी बांधलेला लोडर एकटाच आला होता. मुलगा बरोबर नव्हता. दुकानात काय झालं ते त्याच्या कानावर गेलं होतं.

"आता कशाला आलास?" सासूने विचारलं.

म्हातारा उंबऱ्यातच उभा राहिला. "मला वाचता येत नाही," तो म्हणाला. "पण ऐकू येत होतं. ही पोर नवीन. चुकायला नको म्हणून झाकण उघडण्याआधी दर वेळी पाटी मोठ्याने वाचायची. दोन आठवडे ऐकलं मी. पाठ झालंय."

"मग आम्ही आलो तेव्हा का नाही बोललात?" भाऊजी ओरडलेच.

"पोराला कायम करतो म्हणाले."

सुनेने पेला दूर सारला.

"काका, म्हणून दाखवा."

म्हाताऱ्याने उरलेला डोळा मिटला. "हिरवा दिवा लागल्यावर झाकणाचे कुलूप सोडा. झाकण हळूहळू उघडा."

"पुढे?"

"पुढे नव्हतंच काही. तू तिथे थांबायचीस आणि मला म्हणायचीस, काका, सरका."

सुनेने त्याच्या पट्टीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर दया नव्हती. भाऊजींना ती असावी असं वाटलंही नाही.

"उद्या जाऊन सांगतो त्या साहेबबाईंना," म्हातारा म्हणाला. "पोराचं व्हायचं ते होईल."

"उद्या नाही," सून म्हणाली. पट्ट्या बांधलेले हात पोटाशी धरून ती उठली. "कचेरी पाचपर्यंत उघडी असते. मी पण येते. माझ्यासमोर सांगा."

सासूने तिच्या पायांशी चपला सरकवल्या आणि वाकून एकेक घातली. वहिनी भाऊजींना सांगायला वळल्या. भाऊजी केव्हाच जिना उतरून गाडी सुरू करायला गेले होते.